धूमकेतूचा सातबारा

२०२४च्या दसऱ्यानंतरचे दिवस आठवा. सूर्य मावळला की पश्चिमेला, क्षितिजापासून जरा वर, शेपटीसकट एक धूमकेतू दिसायचा. त्सुचिनशान-अ‍ॅटलास त्याचं नाव. कोजागरीसाठी तुळजापूरला चालत निघालेली माणसं वाटेत थांबून मोबाइल वर धरत होती. त्याच आठवड्यात नववीतल्या एका मुलाने स्वतः काढलेला फोटो मला दाखवला आणि विचारलं, “सर, ह्यात धूमकेतू नेमका कुठंय?”

प्रश्न बरोबर होता. फोटोत दिसत होती ती धूळ आणि वायू. ज्यातून ती निघते तो गड्डा, म्हणजे धूमकेतूचं केंद्रक, जेमतेम काही किलोमीटरचा असतो आणि आपल्याच धुराळ्यात बुडालेला असतो. दुर्बीण कितीही मोठी घेतली तरी इथून त्याचे कडे-कपारे दिसणार नाहीत. त्यासाठी जाऊनच यावं लागतं.

जाणारे जाऊन आले. त्यांनी आणलेली चित्रं आणि आकडे फुकट उघडे ठेवलेत, त्यामुळे धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेला केंद्रकाचा अभ्यास करता येतो. अडचण येते ती चित्रं पाहण्याच्या रीतीत. पोरं चित्र बघतात, “भारी!” म्हणतात आणि पुढे सरकवतात. म्हणून मी एक युक्ती काढली. आपल्या भागातल्या प्रत्येक घरात सातबारा ठाऊक असतो. जमीन कुठे, किती, कसली, पाणी कुठून, पीक काय आणि नंतर काय बदललं, हे त्यात येतं. धूमकेतूलाही हेच प्रश्न विचारायचे. चार शनिवार, सकाळच्या शाळेनंतरचा एकेक तास आणि दोनशे पानी एक रजिस्टर, एवढ्यात काम होतं.

गाव ठरवा

अंतराळयानांनी आजवर मोजकीच केंद्रकं जवळून पाहिली आहेत. १९८६ला हॅले, २००१ला बोरेली, २००४ला विल्ड-२, २००५ला टेम्पल-१, २०१०ला हार्टली-२ आणि २०१४पासून ६७पी चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को. अभ्यासाला शेवटचंच घ्या. कारण साधं आहे. बाकीच्या ठिकाणी यानं नुसती शेजारून गेली. युरोपच्या जिओत्तो यानाने १३ मार्च १९८६च्या रात्री हॅलेजवळून, सुमारे सहाशे किलोमीटरवरून जाताना चित्रं घेतली, तेव्हा दोघांमधला सापेक्ष वेग सेकंदाला ६८ किलोमीटर होता. त्या वेगाने धाराशिवहून तुळजापूरला पोचायला सेकंदाचा एक तृतीयांश भागही पुरे. धावत्या एसटीच्या खिडकीतून कुणाचं शेत पाहावं, तसं ते पाहणं. ६७पीवर गेलेलं रोझेटा मात्र तिथे दोन वर्षांहून जास्त राहिलं. शेत पेरणीपासून काढणीपर्यंत बघायचं, तर तिथे मुक्काम करावा लागतो.

धूमकेतूला सहसा शोधणाऱ्याचं नाव मिळतं. क्लिम चुर्युमोव्ह आणि स्वेतलाना गेरासिमेन्को यांना हा १९६९मध्ये फोटोच्या काचेवर सापडला. मुलं विचारतातच की आपल्याकडच्या कुणाचं नाव आहे का. आहे. आपला जिल्हा १९४८पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत नोकरीला असलेल्या गृहस्थांचा मुलगा वेणू बाप्पू. हार्वर्डला शिकत असताना १९४९मध्ये त्याला एक धूमकेतू सापडला आणि बाप्पू-बोक-न्यूकर्क हे नाव पडलं.

रजिस्टरच्या पहिल्या पानावर एवढंच लिहा: नाव, सापडल्याचं साल, सूर्याभोवतीची एक फेरी सुमारे साडेसहा वर्षांची. भोगवटादाराचा रकाना रिकामा ठेवा. १९६७च्या अंतराळ करारानुसार कुठल्याही देशाला तिथे मालकी सांगता येत नाही. मुलांना हे फार आवडतं. वाटणीचे दावे नसलेली जमीन त्यांनी कधी ऐकलेली नसते.

तिथवर कसं पोचायचं

चित्रांना हात लावण्याआधी अर्धा तास यान तिथे गेलं कसं यावर घालवा. हे वगळलं तर पुढचे आकडे हवेत राहतात.

धावत्या एसटीत चढायचं तर आधी एसटीच्या वेगाने पळावं लागतं, हे मुलांना शिकवावं लागत नाही. धूमकेतूचंही तेच. नुसतं पोचून भागत नाही, त्याच्या बरोबरीने धावावं लागतं. एवढा वेग एका दमात देणारं रॉकेट नव्हतं. म्हणून २ मार्च २००४ला निघालेल्या रोझेटाला गोफणीतल्या दगडासारखं फिरवलं: पृथ्वीजवळून २००५, २००७ आणि २००९ असं तीनदा, आणि २००७मध्येच मंगळाजवळून एकदा. प्रत्येक फेरीत ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणाने यानाचा वेग आणि वाट बदलली. ज्वारीच्या रानात कुणी गोफण चालवताना पाहिली असेल, तर त्या मुलालाच फळ्यापाशी बोलवा. पुढे सूर्यापासून इतकं लांब जायचं होतं की चौसष्ट चौरस मीटरच्या सौर पंखांनाही ऊन पुरेना. मग यानाला जून २०११मध्ये झोपवलं. २० जानेवारी २०१४ला ते आतल्या गजरावर उठलं.

मे २०१४मध्ये यान आणि धूमकेतू यांच्या वेगात सेकंदाला पावणेआठशे मीटरचा फरक होता. इंजिन दहा वेळा चालवून तो फरक माणसाच्या चालीपर्यंत उतरवला. ६ ऑगस्टला यान शंभर किलोमीटरवर पोचलं. इथे मी मुलांना मैदानात नेतो. एक जण सरळ चालतो. दुसऱ्याने लांबून धावत येऊन, न धडकता, त्याच्या शेजारी त्याच्याच चालीने चालू लागायचं. पहिल्या दोन-तीन खेपांना धडक होतेच.

पोचल्या पोचल्या यान फेऱ्या मारू लागलं नाही. धूमकेतूचं वजन किती, ओढ किती, हेच अजून ठाऊक नव्हतं. आधी त्याने समोर त्रिकोणी वाटांनी चालत अदमास घेतला, मग पन्नास, तीस, वीस असं करत ऑक्टोबरात दहा किलोमीटरपर्यंत खाली आलं. नव्या रानात शिरताना शेतकरीही आधी बांधाबांधाने फिरतो.

मोजणी

आता चित्रं. युरोपीय अंतराळ संस्थेच्या संग्रहात रोझेटाच्या दोन कॅमेऱ्यांची चित्रं मिळतात. ओसायरिस हा शास्त्रीय कॅमेरा आणि नॅवकॅम हा वाट दाखवणारा. ओसायरिस जास्त बारीक पाहतो, पण शाळेने नॅवकॅमपासून सुरुवात करावी, कारण त्याचं गणित सातवीच्या मुलालाही जमतं. त्याला पाच अंशांचा चौकोन दिसतो आणि चित्रात आडवे-उभे १०२४ ठिपके असतात. त्यावरून:

चित्राची खरी रुंदी (किलोमीटर) = यानाचं अंतर (किलोमीटर) × ०.०८७

एका ठिपक्याची रुंदी (सेंटीमीटर) = यानाचं अंतर (किलोमीटर) × ८.५

अंतर चित्राच्या माहितीत दिलेलं असतं. शंभर किलोमीटरवरून घेतलेलं चित्र ८.७ किलोमीटर रुंद भरतं. ते झेरॉक्सच्या दुकानात १७.४ सेंटीमीटर रुंद छापून घेतलं, की एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. पट्टी घ्या आणि मोजा. गड्ड्याची लांबट बाजू समोर असेल तर ती आठ-नऊ सेंटीमीटरच्या घरात येते, म्हणजे चार-साडेचार किलोमीटर.

तीन ठिकाणी हमखास चुकतं. काही चित्रं कापलेली किंवा चार चित्रं जोडून केलेली असतात. त्यांना हे सूत्र लावू नका, सोबत दिलेलं प्रमाण घ्या. दुसरं, दिलेलं अंतर केंद्रकाच्या मध्यापासूनचं असतं. यान दहा किलोमीटरवर असेल तर समोरची जमीन दीड-दोन किलोमीटर आणखी जवळ असते, तेवढं वजा केलं नाही तर माप मोठं येतं. तिसरी चूक दुकानदाराची. तो चित्र ‘पानभर’ करतो आणि तुमचं १७.४ बिघडवतो. शेजारी उभे राहा.

मोजून झालं की पुस्तकातला आकडा सांगा. दोन गड्डे एकमेकांना चिकटलेले आहेत: मोठा ४.१ × ३.३ × १.८ किलोमीटर, धाकटा २.६ × २.३ × १.८. मधे मानेसारखा खळगा. बाहेरची माणसं याला बदक म्हणतात. आमच्या वर्गाने भुईमुगाची वेडीवाकडी शेंग म्हटलं, तेही चालतं. नळदुर्गचा अख्खा किल्ला तटबंदीसह मोठ्या गड्ड्यावर ठेवला तरी आजूबाजूला शिवार उरेल.

मग माती मागवा. तेर तर गोरोबाकाकांचं गाव. जिल्ह्यात चाकावर बसणारे कुंभार अजून आहेत, त्यांच्याकडून दोन किलो मळलेली माती मिळते. एक किलोमीटरला चार सेंटीमीटर असं धरून १६ × १३ × ७ आणि १० × ९ × ७ सेंटीमीटरचे दोन गोळे करून जोडा. छापलेली चित्रं समोर ठेवा, खोली अंधारी करा, एका बाजूने टॉर्च लावा आणि मातीचा गोळा असा धरा की सावल्या चित्रासारख्या पडतील. यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जाऊ द्यावा. टॉर्चची जागा बदलली की सपाट वाटलेली जागा कडा निघते, खड्डा उंचवटा वाटू लागतो. यानाच्या चित्रांवरून आकार काढणारे शास्त्रज्ञही वेगवेगळ्या उजेडातली, वेगवेगळ्या बाजूंची चित्रं एकमेकांशी ताडूनच तो काढतात.

हा गोळा स्वतःभोवती १२.४ तासांत एकदा फिरतो. टॉर्चसमोर सावकाश फिरवा आणि मानेतला भाग किती वेळ सावलीत राहतो ते पाहा.

सावलीवरून उंचीही मिळते. आधी शाळेच्या अंगणात सराव करा: मीटरभर काठीची सावली आणि ध्वजस्तंभाची सावली एकाच वेळी मोजा, प्रमाण लावा. (मेच्या मध्यात किंवा जुलैच्या अखेरीस भरदुपारी हा प्रयोग ठेवू नका. तेव्हा धाराशिवला सूर्य डोक्यावर येतो आणि काठीला सावलीच राहत नाही. मी एकदा ठेवला होता.) मग चित्रातल्या एकाच सपाट भागावरच्या दोन दगडांच्या सावल्या मोजा. सावली दुप्पट तर उंची दुप्पट. इमहोतेप नावाच्या मैदानात केऑप्स हा पंचेचाळीस मीटर रुंदीचा दगड आहे, त्याच्यापासून सुरुवात करा.

इमहोतेप, हापी, हथोर ही नावं जुन्या इजिप्तची. ती लगेच सांगू नका. आपल्याकडे प्रत्येक वावराला नाव असतं, चिंचेचं, माळाचं, विहिरीवरचं. मुलांना आधी स्वतः नावं पाडू द्या. स्वतः नाव ठेवलेली जागा पोरं दुसऱ्या चित्रात, दुसऱ्या उजेडातही शोधून काढतात.

आकार, वजन आणि उडी

वजनाचा रकाना फळ्यावर गणित करून भरा. आकारमान सुमारे १८.७ घन किलोमीटर. वस्तुमान ९.९८ लाख कोटी किलो. हे कळलं यानाच्या रेडिओ लहरींतल्या किंचित बदलावरून, कारण धूमकेतूची ओढ यानाचा वेग जरा बदलायची. भागाकार केला की एका घनमीटरला सुमारे ५३३ किलो येतात. पाण्याचा घनमीटर हजार किलोचा असतो. म्हणजे हा गड्डा, जमलंच तर, पाण्यावर तरंगेल. आत दगड-धूळ आणि बर्फ आहे, पण त्याहून जास्त पोकळी आहे. ज्वारीच्या लाह्यांचा लाडू फोडून दाखवा. त्याच्याइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आता उडी. १२ नोव्हेंबर २०१४ला रोझेटाने फिले नावाचा शंभर किलोचा उतरक साडेबावीस किलोमीटरवरून सोडला. खाली यायला त्याला सात तास लागले. जमिनीला टेकल्याची खबर पृथ्वीवर आली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून तेहतीस मिनिटं झाली होती. संदेशाला वाटेत अठ्ठावीस मिनिटं लागत होती, म्हणजे टाळ्या वाजल्या तेव्हा फिले परत वर उडालेला होता. जमिनीत घुसायचे त्याचे दोन भाले सुटलेच नाहीत, वरून दाबून धरणारं छोटं इंजिनही चाललं नाही. जवळजवळ दोन तास तो उसळत, वाटेत आपटत गेला आणि एका कड्याच्या सावलीत कलंडून थांबला.

एवढी उसळी का? फळ्यावर करा. तिथली ओढ पृथ्वीच्या ओढीचा साधारण साठ हजारावा भाग. शंभर किलोच्या फिलेचं वजन एक-दोन ग्रॅम. सेकंदाला एक मीटरच्या आसपास वेग मिळाला की वस्तू तिथून कायमची निघून जाते. आपली उस्मानाबादी शेळी बांधावरून उडी घेते ती याच्या दुप्पट वेगाने तरी घेते. धूमकेतूवर तिचं वजन भरेल अर्धा ग्रॅम आणि पहिल्याच उडीला ती हाताबाहेर जाईल. शेळीचं गणित मुलं घरी जाऊन सांगतात, असा माझा अनुभव आहे.

जमिनीचा पोत

चित्रात धूमकेतू राखाडी, कधी पांढुरकाही दिसतो. त्यावर विश्वास ठेवू नका. डोळ्याला दिसावं म्हणून चित्र उजळलेलं असतं. प्रत्यक्षात पडलेल्या उजेडातला जेमतेम सहा टक्के तो परत पाठवतो. आपल्या काळ्या रानापेक्षाही काळा, कोळशाच्या जवळचा. पान टाचायच्या आधी कोळशाचा तुकडा शेजारी ठेवून हे मुलांना एकदा दाखवा.

पोत सगळीकडे सारखा नाही. फिले थांबला तिथे त्याने खुंटी ठोकून पाहिली, ती आत जाईना. वर थोडी धूळ, खाली दगडासारखा कडक थर. तापमान उणे १८० ते उणे १४५ अंश. पण उसळत जाताना तो ज्या दुसऱ्या कपारीला आपटला, तिथला बर्फ फेसाहून मऊ निघाला. हे २०२०मध्ये कळलं, जुनी चित्रं पुन्हा धुंडाळल्यावर. एकाच गटात चुनखडी आणि भुसभुशीत, दोन्ही सापडण्यातलाच प्रकार.

वर काळी पापडी आणि आत बर्फ, मग बर्फ टिकतो कसा? याचा प्रयोग उन्हाळ्यात करा, आपल्याकडे उन्हाची कमी नाही. एकाच साच्यातले बर्फाचे तीन सारखे गोळे तीन चाळण्यांवर ठेवा, खाली भांडी. पहिला उघडा. दुसऱ्यावर चुलीतल्या कोळशाची पूड नुसती भुरभुरवा. तिसऱ्यावर दोन बोटं भुसा आणि त्यावर पूड. दर दहा मिनिटांनी भांड्यातलं पाणी मापा. भुरभुरवलेला बहुतेक वेळा उघड्याच्याही आधी वितळतो, कारण काळा रंग ऊन पितो. जाड थराचा सर्वांत शेवटी. बर्फवाला लादीवर भुसा टाकून गोणपाट गुंडाळतो, तेच. धूमकेतूवर कुठे धूळ पातळ तर कुठे जाड, म्हणून वायू-धुळीचे फवारेही सगळीकडून सारखे निघत नाहीत.

या प्रयोगाची मर्यादा मुलांना सांगा. तिथे हवा नाही, त्यामुळे बर्फाचं पाणी होतच नाही, थेट वाफ होते. ते पाहायचं तर देवघरातली कापराची वडी बशीत उघडी ठेवा आणि दर शनिवारी वजन करा. ड्राय आइस मिळाला तर उत्तमच, पण जाड हातमोजे, उघड्या खिडक्या आणि बंद डब्यात कधीही ठेवायचा नाही. स्फोट होतो.

पाणी आणि पीक

पाण्याचा रकाना मी टँकरने भरायला लावतो. जून २०१४मध्ये, सूर्य लांब असताना, धूमकेतूतून सेकंदाला सुमारे ३०० मिलिलिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडत होतं. बारा हजार लिटरचा टँकर भरायला अकरा तास लागले असते. १३ ऑगस्ट २०१५ला धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ आला, त्या सुमारास हाच वेग सेकंदाला ३०० किलोपर्यंत गेला. तोच टँकर चाळीस सेकंदांत. टँकरची वाट पाहत घागरींची रांग लावलेल्या पोरांना यापुढे काही समजावावं लागत नाही.

पण हे पाणी आपल्याच पाण्यासारखं आहे का? पाण्यात काही हायड्रोजन जड असतो. पृथ्वीच्या समुद्रात त्याचं जे प्रमाण आहे, त्याच्या तिपटीहून जास्त रोझेटाने ६७पीच्या वाफेत मोजलं. त्यावरून डिसेंबर २०१४मध्ये म्हटलं गेलं की आपले समुद्र असल्या धूमकेतूंनी भरलेले नसावेत. हार्टली-२चं प्रमाण मात्र समुद्राशी जुळतं असं २०११लाच दिसलं होतं. पुढे २०२४मध्ये रोझेटाच्याच आकड्यांची पुन्हा छाननी झाली आणि केंद्रकाजवळच्या धुळीमुळे प्रमाण फुगलं असावं, असा निष्कर्ष निघाला. या नोंदी पेन्सिलने करा.

पिकाच्या रकान्यात तलाठी लिहितो तसं ‘निरंक’ लिहा. पण शेरा जोडा. यानाच्या ‘नाकाला’, म्हणजे वायू ओळखणाऱ्या यंत्राला, तिथे कुजक्या अंड्यांचा आणि गोठ्याचा वास देणारे वायू सापडले, ग्लायसीन हे अमिनो आम्ल सापडलं, फॉस्फरसही सापडला. पीक नाही, पण बियाण्याच्या दुकानात ठेवतात त्यातलं थोडंफार आहे. धूमकेतूंनी जीवनाचं बी आणलं असेल का, हा जयंत नारळीकरांच्या आवडीचा विषय होता. जानेवारी २००१मध्ये त्यांच्या पुढाकाराने हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेतले गेले. त्यात जिवंत पेशी मिळाल्या. त्या वरून आल्या की खालून गेल्या, यावर वाद राहिला. मुलांना दोन्ही बाजूंनी बोलायला लावा आणि निकाल देऊ नका.

हंगाम एका ओळीत: धूमकेतूचा आस बराच कललेला असल्याने उत्तर भागात उन्हाळा साडेपाच वर्षांहून लांब आणि सौम्य असतो, दक्षिणेत काही महिन्यांचा पण भाजून काढणारा.

फेरफार

शेवटचा शनिवार यासाठी राखून ठेवा. रोझेटाने मुक्काम केला त्याचं फळ इथे आहे.

कृती अशी. एकाच जागेची सूर्याजवळ जाण्याआधीची आणि नंतरची चित्रं शेजारी लावा. आपण ई-पीक पाहणीत बांधावर उभं राहून फोटो काढतो, तसाच हा प्रकार, फक्त दोन वर्षांच्या अंतराने. चित्रं निवडताना उजेडाची दिशा शक्य तितकी सारखी घ्या, नाहीतर सावलीलाच मुलं बदल समजतात. एकाने ‘बदल आहे’ म्हटलं की दुसऱ्याने तो सावलीचा खेळ आहे हे सिद्ध करायचा प्रयत्न करायचा. टिकेल तेवढंच फेरफारात घ्यायचं.

सुरुवातीला आस्वान नावाचा कडा द्या. १३४ मीटर उंच. सप्टेंबर २०१४च्या चित्रांत त्याच्या माथ्यावर सत्तर मीटर लांबीची भेग आहे. १० जुलै २०१५ला त्या बाजूने धुळीचा मोठा फवारा दिसला. पुढच्या चित्रांत कडा ढासळलेला, आतला बर्फ लख्ख उघडा पडलेला आणि पायथ्याशी सुमारे बावीस हजार घनमीटर दरड. आधी भेग, मग धूर, मग दरड हा क्रम मुलांना तुम्ही न सांगता सापडला, तर तो तास वसूल. दुसरा फेरफार खोन्सू भागातला. तिथला तीस मीटरचा दगड एकशे चाळीस मीटर सरकलेला आहे. तिसरा चित्रात दिसत नाही: फवाऱ्यांच्या धक्क्यांनी धूमकेतूचा स्वतःभोवतीचा फेरा वीसेक मिनिटांनी कमी झाला. एका फेरीत त्याचं वस्तुमान साधारण एक हजारांश घटलं.

मधल्या काळातली जवळची चित्रं का नाहीत, हे कुणी ना कुणी विचारतं. सूर्याजवळ धुळीचा मारा इतका होता की यानाला शेकडो किलोमीटर मागे हटावं लागलं. मार्च २०१५च्या अखेरीस ते चौदा किलोमीटरपर्यंत शिरलं होतं. तेव्हा ताऱ्यांवरून दिशा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने धुळीच्या कणांनाच तारे समजून घोळ घातला आणि यानाने स्वतःची बरीच यंत्रं बंद करून घेतली.

फिलेचा फेरफारही लिहा. बॅटरी अडीच दिवसांत संपली, जून २०१५मध्ये तो जरा जागा झाला, जुलैनंतर गप्प. तो पडलाय कुठे हे २ सप्टेंबर २०१६ला ओसायरिसच्या एका चित्रात दिसलं. ते चित्र मिळवा आणि शोधायला लावा. आमच्या वर्गाला अकरा मिनिटं लागली आणि शोधणारी मुलगी मागच्या बाकावरची होती.

शेवटी रोझेटालाच हळूच धूमकेतूवर उतरवून बंद केलं. खबर आली तेव्हा आपल्याकडे दुपारचे चार एकोणपन्नास, तारीख ३० सप्टेंबर २०१६. उमरगा-लोहारा भागातल्या शाळेत ही तारीख फळ्यावर लिहिलीत तर वर्ग क्षणभर थांबेल. याच तारखेला झालेल्या १९९३च्या भूकंपाचं घरात ऐकलेलं मुलं सांगू लागतील. सांगू द्या. त्यातूनच जमिनीच्या पोटातलं कसं कळतं हा विषय निघतो आणि मग सांगता येतं, की रोझेटा आणि फिले यांनी धाकट्या गड्ड्यातून आरपार रेडिओ लहरी पाठवून तो आतून बराच एकसारखा आणि तीन चतुर्थांशांहून अधिक पोकळ असल्याचं पाहिलं.

त्यानंतर धूमकेतू नोव्हेंबर २०२१मध्ये सूर्याजवळ येऊन गेला. शेजारी कुणी नव्हतं, म्हणून आस्वानचा कडा आणखी किती ढासळला याची नोंद नाही. पुढची फेरी एप्रिल २०२८ची. फेरफाराच्या पानावर २०१६नंतर दोन ओळी मोकळ्या सोडा, डाव्या बाजूला ही दोन्ही सालं लिहा आणि रजिस्टर शाळेच्या कपाटात ठेवा. आज पाचवीत असलेली मुलं तेव्हा वरच्या वर्गात गेलेली असतील.